आधाराची ओळ गळाली तरी

पेन्टेकॉस्टनंतरचा रविवार त्रैक्याचा. त्या सुमारास संडेस्कूलमध्ये हमखास प्रश्न येतो: देव एक, तर मग तीन कसे? आणि हमखास उत्तर मिळते: पाणी, बर्फ, वाफ. मुलांना ते पटते, म्हणूनच ते धोक्याचे आहे. एकच देव वेळ पाहून रूप पालटतो, ही सबेलियसची शिकवण. चर्चने ती तिसऱ्या शतकातच नाकारली. मत्तयाचा तिसरा अध्याय उघडून पाहा. यार्देनेत बाप्तिस्मा घेऊन पुत्र वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि त्याच वेळी आकाशातून पित्याची वाणी होते. बोलणारा आणि ज्याच्याविषयी तो बोलतो तो, हे दोघे वेगळे नसतील तर या प्रसंगाला अर्थच उरत नाही.

‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यावर घाईने योहानाच्या पहिल्या पत्रातला पाचवा अध्याय, सातवे वचन पुढे करू नये. स्वर्गातल्या तीन साक्षीदारांची ती ओळ जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसने 1516 आणि 1519 च्या आवृत्त्यांत ती घेतली नव्हती. टीका झाली, ती ओळ असलेले एक हस्तलिखित पुढे आले आणि 1522 मध्ये त्याने ती छापली. ही ओळ सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. निकाया आणि कॉन्स्टँटिनोपलच्या चर्च-परिषदांनी मांडलेला त्रैक्याचा विश्वास तिच्यावर उभा नाही.

तो उभा आहे तो पहिल्या शिष्यांच्या अडचणीवर. ते कडवे एकेश्वरवादी यहुदी. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली ‘परमेश्वर एकच’ ही घोषणा त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतली. तरीही थोमा पुनरुत्थित येशूला ‘माझा देव’ म्हणतो आणि येशू त्याला थांबवत नाही. पौल करिंथच्या भांडखोर मंडळीला दुसरे पत्र लिहितो आणि शेवटच्या आशीर्वादात ख्रिस्त, देव आणि पवित्र आत्मा यांची नावे एका दमात घेतो. समजावून सांगायची गरजही त्याला वाटत नाही. हे पत्र निकायाच्या आधी अडीचशेहून अधिक वर्षांचे. उपासना आधी आली, व्याख्या फार नंतर.

‘पिता माझ्याहून थोर आहे’ या अर्थाचे येशूचे बोलणे योहान 14 मध्ये आहेच. पुत्राला पित्याहून कमी मानणाऱ्या एरियसच्या बाजूच्यांनी ते उचलून धरले. त्याला उत्तर फिलिप्पैकरांच्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायात मिळते: देवाच्या स्वरूपात असलेल्याने दासाचे रूप घेतले, आणि त्या दीन अवस्थेतून तो बोलतो आहे.

आत्म्याविषयी मात्र 325 च्या निकायाने एका वाक्यांशात आटोपले. सविस्तर मांडणी 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला झाली. वास्तविक प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय, तेव्हाही समोर होता. जमिनीच्या पैशांतला वाटा लपवणाऱ्या हनन्याला पेत्र आधी म्हणतो, तू पवित्र आत्म्याशी लबाडी केलीस. आणि पुढच्याच वचनात म्हणतो, देवाशी केलीस.