न्यायासनाला हात कोण देणार?

ब्रह्मपुरीकरांना शेजारच्या चिमूरची कथा नव्याने सांगावयास नको. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे जमाव प्रक्षुब्ध झाला आणि काही सरकारी अधिकारी मारले गेले. त्याबद्दल खटले चालले, फाशीच्या शिक्षाही फर्मावण्यात आल्या. परंतु नंतर गावात आलेल्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारींचे काय? त्यांची चौकशी सरकारने नाकारली. तेवढ्या मागणीसाठी प्रा. भन्साळींना ६३ दिवस उपोषण करावे लागले. न्यायासन होते, पण ते सरकारच्याच मुठीत होते.

सत्ताधीशच आरोपी असेल, तर दाद कोठे मागावी? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९९८ साली रोम येथे १२० राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कराराला संमती दिली. २००२ पासून हेग येथे ते अस्तित्वात आहे. तथापि त्यापाशी स्वतःचा एकही पोलीस नाही. वॉरंट त्याने काढावे, बजावणी मात्र राष्ट्रांनी करावी, अशी ही योजना. सप्टेंबर २०२४ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन यांचे सभासद मंगोलियाने वॉरंट असतानाही स्वागत केले. उलट, करारातून बाहेर पडलेल्या फिलिपाइन्सने मार्च २०२५ मध्ये माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना पकडून हेगला धाडले. त्यामागे स्वदेशीच्या राजकारणाचे हेतू असतीलही. पण न्यायालयाचे बळ राष्ट्रांच्या इच्छेत आहे, हेच त्यातून सिद्ध झाले.

रोम येथे भारत तटस्थ राहिला आणि आजही करारात सामील नाही. सुरक्षा समितीला दिलेले विशेषाधिकार आणि अण्वस्त्रांच्या वापराचा गुन्ह्यांच्या यादीत न केलेला समावेश, हे आपले आक्षेप निराधार होते असे आम्ही म्हणत नाही. बड्या राष्ट्रांनी स्वतः बाहेर राहून इतरांना कोर्टात खेचावे, हा न्याय नव्हे. परंतु आक्षेप घेणाऱ्याने निदान आपले घर तरी नीट लावावे! वंशसंहारविरोधी करार आपण १९५९ सालीच मान्य केला. तरीही वंशसंहार वा मानवतेविरुद्धचा अपराध आपल्या फौजदारी कायद्यात नाही, ही उणीव दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्टपणे दाखवून दिली. २०२४ साली नवी न्यायसंहिता अमलात आली, तीतही ती भरून निघाली नाही.

हेगला जावे की न जावे, याचा वाद खुशाल चालो. हे अपराध आपल्या कायद्यात आणण्यासाठी मात्र कोणत्याही परराष्ट्राच्या संमतीची गरज नाही. चिमूरच्या स्त्रियांना न मिळालेली चौकशी यापुढे कोणालाही उपोषण करून मागावी लागू नये, एवढी हमी स्वतंत्र राष्ट्राने दिलीच पाहिजे.