जुने खेळ व नवीं यंत्रें

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळेच्या संगणकवर्गांत इयत्ता नववीचा एक विद्यार्थी नेमून दिलेला पाठ सोडून भलत्याच उद्योगांत गुंतलेला आम्हांस आढळला. पाठीमागें जाऊन पाहतों तों पडद्यावर पांढऱ्या वस्त्रांतला एक तरुण अंधाऱ्या तळघरांतून धांवत होता, ढासळत्या फरशीवरून उडी घेत होता आणि खालच्या सुळांवर पडून प्राणास मुकत होता. रागें भरणें हें आमचें कर्तव्य होतें. परंतु खरें सांगावयाचें तर क्षणभर आम्हांस तें सुचलें नाहीं. कारण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा तो खेळ आम्हीं स्वतः विद्यार्थिदशेंत संगणकाच्या खोलींत पाळीपाळीनें खेळलेला होता, आणि त्याच सुळांवर आम्हीहि पुष्कळदां पडलों होतों.

यथावकाश आम्ही रागें भरलों. खेळ कोठून आणला म्हणून विचारतां मित्राकडून नक्कल करून घेतल्याचें त्यानें कबूल केलें. मालकाच्या परवानगीवांचून केलेली नक्कल ही चोरीच होय, असें आम्हीं बजावलें, तेव्हां तो मुलगा नम्रपणें म्हणाला, “सर, हा जुना खेळ कोणत्या दुकानांत विकत मिळतो तें सांगा, मी पैसे सांठवून विकत घेईन.” त्याचा पेनड्राइव्ह जप्त करून आम्हीं तो विषय संपविला, परंतु प्रश्न कांहीं संपला नाहीं. प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें उशिरानें दिलेलें उत्तर समजावें.

संगणकावरील खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, त्यावर वार्षिकाचीं पानें कां दवडावीं, असा आक्षेप आमच्या कांहीं वडील सहकाऱ्यांकडून येईल. अतिरेक वाईटच, हें आम्ही रोज सांगत आलों आहों. तथापि चांगला खेळ ही एक कलाकृति असते. तींत चित्र, संगीत, कथा आणि गणित यांचा मिलाफ असतो. वरील खेळाचे कर्ते जॉर्डन मेकनर यांनीं १९८५ सालीं आपल्या धाकट्या भावास धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चलच्चित्र घेतलें, आणि त्यांतील एकेक चित्र न्याहाळून आपल्या नायकाची चाल रेखाटली. खेळ प्रसिद्ध झाला तो १९८९ सालीं. इतक्या वर्षांच्या श्रमांस क्षुल्लक म्हणणें आम्हांस तरी जड जातें.

मग असा खेळ दुर्मिळ कां होतो? जुन्या पुस्तकाच्या व जुन्या प्रोग्रामच्या आयुष्यांत मोठा भेद आहे. शंभर वर्षांपूर्वीचें पुस्तक वाचावयास डोळे, उजेड व अक्षरओळख एवढें पुरे. प्रोग्रामला मात्र ज्या यंत्रासाठीं तो लिहिला गेला तसेंच यंत्र लागतें. डॉसच्या काळांतील खेळ पडद्याशीं व ध्वनियंत्राशीं सरळ बोलत. मध्यें कोणी दुभाषी नसे. आजच्या ६४-बिट विंडोजला ते १६-बिट प्रोग्राम चालवितांच येत नाहींत. शिवाय कित्येक खेळांचा ताल जुन्या मंद यंत्राच्या गतीवर बसविलेला असे. असा खेळ वेगवान यंत्रावर पडला म्हणजे इतक्या झपाट्यानें धांवतो कीं खेळणाऱ्यास बोट हलविण्याचीहि उसंत मिळत नाहीं.

ह्यावर उपाय दोन आहेत. पहिला उपाय नव्या यंत्राकडून जुन्या यंत्राचें सोंग घेवविण्याचा. ‘डॉसबॉक्स’ हा २००२ सालीं निघालेला, विनामूल्य मिळणारा प्रोग्राम हेंच करतो. आणि पोलंडमधील एका कंपनीनें २००८ सालीं सुरू केलेलें ‘गॉग’ हें विक्रीकेंद्र पुष्कळ जुने खेळ ह्या सोंगासह बांधून विकतें. दुसरा उपाय म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याची मूळ संहिता, जिला सोर्स कोड म्हणतात, ती काढून नव्या यंत्रासाठीं पुनः जुळविणें. हा उपाय अधिक चांगला. परंतु मूळ संहिता कोणीं जपून ठेवली असेल तरच. आणि नेमकी तीच जपली जात नाहीं. ‘किंगडम हार्ट्स’ ह्या २००२ सालच्या जपानी खेळाची मूळ सामग्री हरवल्यामुळें २०१३ सालची आवृत्ति काढतांना तींतील पुष्कळ भाग नव्यानें घडवावा लागला. मेकनर यांचीहि संहिता गहाळ झाली होती. २०१२ सालीं त्यांच्या वडिलांस घरच्या कपाटांत डिस्कांची एक पेटी सांपडली, आणि जाणत्या मंडळींनीं मोठ्या काळजीनें त्या डिस्कांवरील मजकूर उतरून घेतला. ती पेटी कोणीं आवराआवरींत रद्दींत टाकली असती, तर तो मजकूर कायमचा बुडाला असता.

अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन व सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क ह्या दोन संस्थांनीं २०२३ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ त्या वेळीं बाजारांत मिळत नव्हते, असें तींत दिसून आलें. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न केवळ कांगावा नव्हता.

हे खेळ मिळत नाहींत याचें कारण केवळ यंत्रांचें नाहीं; तें मालकीचेंहि आहे. ‘सिस्टिम शॉक २’ हा १९९९ सालचा नांवाजलेला खेळ. तो तयार करणारी लुकिंग ग्लास स्टुडिओज ही संस्था २००० सालीं बंद पडली आणि खेळाचे हक्क अखेर एका विमा कंपनीच्या पदरीं पडले. विमा कंपनीस खेळाशीं काय कर्तव्य! बारा-तेरा वर्षें तो तसाच पडून राहिला. २०१२ सालीं स्टीफन किक नांवाचे एक गृहस्थ मध्य अमेरिकेंत प्रवास करीत असतां त्यांस तो खेळ पुनः खेळावासा वाटला, पण तो त्यांच्या यंत्रावर चालेना. त्यांनीं हक्क कोणाकडे आहेत याचा माग काढला, त्या कंपनीशीं बोलणें लाविलें, आणि २०१३ सालच्या फेब्रुवारींत खेळ पुनः विक्रीस आला. आमच्या विद्यार्थ्यानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. दार बंद दिसलें म्हणून ह्या गृहस्थांनीं भिंत फोडली नाहीं. त्यांनीं दार ठोठावलें.

पण प्रत्येक दार उघडतेंच असें नाहीं. ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’ ह्या २००० सालच्या खेळासाठीं ह्याच गृहस्थांच्या संस्थेनें खटपट केली. तीन मोठ्या कंपन्यांपैकीं त्याचा खरा धनी कोण, याचा उलगडा होईना. कोणी निश्चितपणें आपला म्हणेना, आणि कोणी परवानगीहि देईना. शेवटीं ती खटपट सोडून द्यावी लागली. हें वाचतांना आम्हांस पवित्र शास्त्रांतील त्या चाकराचा दाखला आठवतो, ज्यानें धन्याचा पैसा जमिनींत पुरून ठेवला. त्यानें चोरी केली नव्हती. एक कवडीहि उधळली नव्हती. तरी तो दोषी ठरला, तो व्यर्थ पुरून ठेवल्याबद्दल. जी कंपनी जुना खेळ विकत नाहीं, दुसऱ्यास विकूं देत नाहीं व ग्रंथालयासहि देत नाहीं, ती कायद्यानें निर्दोष असेल. ह्या दाखल्याच्या कसोटीस ती उतरत नाहीं.

आतां दुसरी बाजू. पुनःप्रकाशन करावयाचें तें कसें? येथें आमच्या भाषेंतील एक जुनें उदाहरण देण्याचा मोह आवरत नाहीं. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्या आवृत्तीची एकहि प्रत आज हातीं नाहीं. तें काव्य तरलें तें श्रद्धाळू कुटुंबांनीं जपलेल्या हस्तलिखितांमुळें. त्यांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुनः छापलें गेलें, आणि १९५६ सालीं देवनागरींत निघालें. वाचक बदलला म्हणून लिपि बदलली. कवीच्या ओंवीस मात्र हात लाविला नाहीं. जुना खेळ नव्या यंत्रावर आणणाऱ्यानेंहि हीच मर्यादा पाळावी.

ही मर्यादा सुटली म्हणजे काय होतें, याचीं उदाहरणें ताजीं आहेत. २०२१ सालच्या नोव्हेंबरांत ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालेंतील तीन जुने खेळ नव्या रूपांत निघाले. त्या खेळांचा विषय आमच्या मुलांनीं जवळ करावा असा नाहीं. परंतु घडलें तें बोधप्रद आहे. नव्या आवृत्तींत दुकानांच्या पाट्यांवरचीं अक्षरें चुकलेलीं होतीं, चेहरे विद्रूप झाले होते. आणि जुन्या आवृत्त्या तर विक्रींतून काढून टाकलेल्या. ओरड झाली तेव्हां कंपनीनें क्षमा मागून जुन्या आवृत्त्या पुनः विक्रीस ठेविल्या. १९९७ सालच्या ‘ब्लेड रनर’ ह्या खेळाचेंहि असेंच झालें. त्याची मूळ संहिता हरवली होती. ‘स्कमव्हीएम’ ह्या प्रकल्पांतील स्वयंसेवकांनीं तयार खेळाची उकल करून, कित्येक वर्षें खपून तो नव्या यंत्रांवर चालता केला, आणि २०१९ सालीं तो पुनः विक्रीस आला. २०२२ सालीं त्याची ‘सुधारलेली’ आवृत्ति निघाली. ती मुळाहून हीन आहे अशी तक्रार झाली, आणि बाजूस सारलेला मूळ खेळ पुनः विक्रीस ठेवावा लागला.

यावरून आम्ही दोन नियम काढतों. मूळ कृति आहे तशी आधीं मिळावी. रंगरंगोटी करावयाची तर ती तिच्या शेजारीं, तिच्या जागीं नव्हे. आणि ज्या मालकास स्वतः कांहीं करावयाचें नाहीं त्यानें ग्रंथालयांस व हौशी जाणत्यांस तरी वाट मोकळी करून द्यावी. ‘डूम’ ह्या १९९३ सालच्या खेळाची संहिता त्याच्या कर्त्यांनीं १९९७ सालींच खुली केली. खेळाचीं चित्रें व नकाशे विकण्याचा हक्क त्यांनीं राखून ठेविला. त्यांची विक्रीहि बुडाली नाहीं आणि खेळहि मेला नाहीं.

कोणी म्हणेल, कायद्यानें ठरविलेला काळ संपेपर्यंत लोकांनीं धीर धरावा. आपल्या देशाच्या १९५७ सालच्या कायद्याप्रमाणें हा हक्क कर्त्याच्या मरणानंतर ६० वर्षें टिकतो. चुंबकी डिस्क इतकी वर्षें टिकत नाहीं. वारसा मोकळा होईल त्या दिवशीं पेटींत गंजलेली चकती तेवढी उरेल. अमेरिकेंतील ग्रंथालयांनीं बंद पडलेले जुने खेळ संशोधकांस दुरून पाहूं देण्याची मुभा मागितली होती. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत तेथील कॉपीराइट कचेरीनें ती नाकारली. लोक संशोधनाच्या नांवाखालीं करमणूक करतील, ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण वाचनालयांत कादंबरी करमणुकीसाठीं वाचली जाते म्हणून वाचनालयें कोणीं बंद केलीं नाहींत.

असो. त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर हें. बाळा, दुकानांत नाहीं म्हणून चोरी पुण्य होत नाहीं; तुझ्या हातून आज्ञाभंग झाला तो झालाच. पण तुझ्या प्रश्नांतील तक्रार खरी आहे, आणि ती आम्हीं त्या दिवशीं ऐकून घेतली नाहीं, ही आमची चूक. तुझा पेनड्राइव्ह आम्हीं कपाटांत कुलूप लावून ठेविला आहे. वरील दाखला लिहितांना त्या कुलपाची आठवण होऊन आम्हीच ओशाळलों. नक्कल पुसून तो तुला परत मिळेल. त्याबरोबर दुसरेंहि कांहीं मिळेल. कपाटांतल्या पेटींत सांपडलेली ती संहिता मेकनर यांनीं २०१२ सालींच सर्वांस वाचावयास खुली करून ठेविली आहे. ती आपण सुटींत मिळून वाचूं. त्या राजवाड्याची फरशी कोणत्या ओळीनें ढासळते, हें शोधून काढण्यांत चोरी नाहीं. आणि तें एकदां उमगलें म्हणजे पुढें कोणाचा तरी जुना खेळ नव्या यंत्रावर आणण्याचें काम कदाचित् तुझ्याच हातून व्हावयाचें असेल.