उतारा दुरुस्त करा, पण जुना झाकू नका!

मित्रांनो, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जरी जमीन असेल, त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

मी कोरीटचा. पोटापाण्यासाठी मेनफ्रेमवर काम करतो. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या बँका, विमा कंपन्या यांचे रोजचे लाखो व्यवहार सांभाळणारा संगणक. तिथं रात्री हिशोबाची नवी फाईल तयार होते, पण म्हणून कालची कोणी पुसत नाही. एकाच नावाखाली सगळ्या ओळीनं राहतात. आजची फाईल शून्य, कालची वजा एक, परवाची वजा दोन. काही बिघडलं तर वजा एक काढायची आणि काम पुन्हा चालवायचं. याला जनरेशन डेटा ग्रुप म्हणतात. आयबीएमनं ही सोय १९६०च्या दशकातच दिली. म्हणजे हे काही चंद्रावरचं तंत्रज्ञान नाही.

आता आपला सातबारा बघा.

हातानं लिहायचे तेव्हा नाव कमी झालं तर त्याला कंस व्हायचा, बाजूला फेरफार नंबर यायचा. खाली काय होतं ते वाचता यायचं. काही वर्षांनी नवीन सातबारा लिहिला, तरी जुनी पुस्तकं रेकॉर्ड रूमला जायची. म्हणजे आपल्या तलाठी आप्पांना 'वजा एक' कळत होतं, संगणक नसताना!

मग सातबारा संगणकावर आला. उतरवताना कुठं क्षेत्र चुकलं, कुठं वारसाचं नाव गळालं. ते एडिट, री-एडिट आणि महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त झालं. दुरुस्तीला माझा विरोध नाही, ती हवीच. माझा प्रश्न एवढाच : दुरुस्तीच्या आधी काय होतं, ते शेतकऱ्याला घरबसल्या का दिसू नये? मोबाईलवर दिसतो तो आजचा उतारा. फेरफार नंबर दिसतात, मान्य. पण अमुक तारखेला अख्खा उतारा कसा होता, हे पाहायला अर्ज करा, चकरा मारा, नक्कल कधी मिळते याची वाट बघा.

कोणी म्हणेल, फेरफाराची नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत घ्यायची. अरे दादा, आपल्या जिल्ह्यातली किती माणसं त्या पंधरा दिवसांत गुजरातला मजुरीला किंवा ऊसतोडीला असतात? परत येतात तेव्हा उतारा बदललेला, आणि आधीचा हातात नाही. मग भांडायचं कशाच्या जोरावर?

आदिवासी बांधवांसाठी तर हा जगण्याचा प्रश्न आहे. जमिनी परत देण्याच्या १९७४ च्या कायद्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधले व्यवहार येतात. म्हणजे पुरावा पन्नास-साठ वर्षं जुन्या नोंदींत आहे. मेनफ्रेमवर किती पिढ्या ठेवायच्या याला मर्यादा असते, पूर्वी २५५, आता ९९९ पर्यंत. मर्यादा भरली की सगळ्यात जुनी फाईल यादीतून गळते. बँकेला ते चालतं. जमिनीला चालणार नाही. इथं सगळ्यात जुनी नोंदच सगळ्यात मोलाची.

खर्चाचं कारण तर कोणी सांगूच नये. सातबारा म्हणजे एक-दोन पानं. कोट्यवधी खात्यांच्या पिढ्या बँका सांभाळतात, आणि सरकारला आपली दोन पानं जड होतात?

मागण्या तीनच :

१. प्रत्येक बदलाआधीचा पूर्ण उतारा तारखेसह ऑनलाईन दिसावा.
२. कोणत्या आदेशानं आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीनं बदल झाला, ते त्याच पानावर असावं.
३. जुनी आवृत्ती कधीही, कोणत्याही कारणानं काढून टाकू नये.

तोपर्यंत आपण काय करायचं? दरवर्षी १ ऑगस्टला, महसूल दिनी, डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढा, नावात वर्ष टाकून जपून ठेवा. मागच्या वर्षीचा पुसू नका! पुढच्या ग्रामसभेत चावडी वाचनाची मागणी लावून धरा आणि वरच्या तीन मुद्द्यांचा ठराव मांडा. मसुदा मी लिहून देतो, कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर का नाही, तेही लिहा.