बंदुकीचा परवाना आणि नकाराचें कारण

आमच्या पेण-रोह्याच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं शेती आहे. रानडुकरांपासून पीक राखावयास शेतकरी ठासणीची बंदूक मागतो. रोकड घेऊन फिरणारा व्यापारी पिस्तूल मागतो. सन १९५९ चा शस्त्र कायदा या दोघांस एकाच मापानें मोजीत नाहीं. पीकरक्षणाची गरज खरी असल्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असें तो सांगतो. पिस्तुलासाठीं मात्र सबळ कारण दाखवावें लागतें. हा भेद आम्हांस योग्य वाटतो. पिस्तूल खिशांत लपतें, बंदूक लपत नाहीं.

अलिबागेस जिल्हादंडाधिकाऱ्यांनीं अर्ज फेटाळला, तर कलम १४ प्रमाणें त्यांनीं कारण लिहून ठेविलें पाहिजे, व अर्जदारानें मागितल्यास तें थोडक्यांत कळविलें पाहिजे. (जनहितास बाध येईल असें वाटल्यास न कळविण्याची सवड आहे, ती आम्हांस फार सैल वाटते.) कलम १८ अन्वयें विभागीय आयुक्तांकडे अपील होतें, आणि अपील करणाराचें म्हणणें ऐकून घेण्याची संधि दिल्यावांचून तें निकालांत काढतां येत नाहीं. पुढें उच्च न्यायालय पिस्तूल द्यावें कीं नाहीं हें सहसा स्वतः ठरवीत नाहीं. नकारास योग्य कारण होतें काय, हें पाहतें.

अमेरिकेंत शस्त्र बाळगणें हा घटनेनें दिलेला हक्क आहे; म्हणून २०२२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें न्यूयॉर्कची विशेष कारण दाखविण्याची अटच रद्द केली. आमच्याकडे तसा हक्क नाहीं, व नसावा. परंतु कारण विचारण्याचा हक्क आहे. वाचकांपैकीं कोणाचा अर्ज फेटाळला गेला असेल, तर त्यानें प्रथम तें कारण लेखी मागून घ्यावें. त्यावांचून अपिलांत लिहावयाचें तरी काय?