फॉर्मेट मारण्याआधी



मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही घरी एक सेकंडहँड कम्प्युटर घेतला. बटण दाबून चहा ठेवावा, तो पिऊन व्हावा, तरी पडदा जागा होत नसे. दुकानात नेला की एकच औषध : फॉर्मेट मारा, विंडोज नव्याने टाका. वर्षभरात तीनदा टाकली. दर वेळी पैसे गेले, चार दिवस गेले आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच रडगाणे.

तिसऱ्या वेळी मात्र डोळे उघडले. कम्प्युटर कोरा होऊन घरी आला. मुलीची टिपणे गेली, विहारातील जयंतीचा जमाखर्च गेला आणि आजोबांच्या शाळेतील दाखलखारीजची स्कॅन केलेली प्रतही गेली. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या आठवड्यात आम्ही एसटीने गावच्या शाळेत नकलेसाठी खेटे घालत होतो. दुकानदाराला काय बोलणार? आत काय आहे हे आम्हीच त्याला सांगितले नव्हते.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. आम्ही कारण न शोधताच दर वेळी पाटी पुसत होतो. म्हणून पुढील चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट कारणाची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कम्प्युटर रिकामा असतानाही ‘डिस्क’खाली बराच वेळ १०० टक्के दिसत असेल, तर जुनी फिरणारी हार्ड डिस्क दमली असण्याचा संभव मोठा. विंडोज कितीही वेळा टाका, डिस्क तरुण होत नाही. तिच्या जागी एसएसडी बसवली की जुने यंत्रही चालू लागते, कारण तिच्यात फिरणारा भागच नसतो. मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवावी. ‘स्टार्टअप’मध्ये आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद करावेत. आपल्याकडील धूळ पंख्यात बसते, तीही वर्षातून एकदा झाडावी. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर आधी कागद बाहेर काढा, दुरुस्ती नंतर.

दुसरी गोष्ट कागदांची. कागद ‘सी’मध्ये ठेवू नयेत, ‘डी’मध्ये ठेवावेत. पण बहुतेक घरांत सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात. घर एकच, खोल्या दोन. डिस्क गेली तर दोन्ही गेले. म्हणून जातीचा दाखला, पडताळणी, गुणपत्रिका, दाखलखारीज यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढावी आणि ती मूळ कागदांच्या पेटीत ठेवावी.

तिसरी गोष्ट ही की विंडोज टाकायचीच तर एकदाच नीट टाकावी. चोरीची विंडोज आणि ती चालू करणारे फुकटचे प्रोग्राम अनेकदा व्हायरस सोबत आणतात. मग फॉर्मेटचा फेरा सुटत नाही. विंडोज, ड्रायव्हर, मराठी टायपिंग, प्रिंटर, फुकट मिळणारे लिब्रेऑफिस हे सारे बसवून यंत्र तपासावे. मग क्लोनझिला वापरून त्या अवस्थेची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर साठवावी. हा प्रोग्राम तैवानमध्ये तयार झाला, तो मोफत आहे आणि पेनड्राइव्हवरून चालतो. पुढे विंडोज बिघडली तर ती प्रतिमा परत उतरवायची. दिवसभराचे काम चहापाण्याच्या वेळात होते. मात्र प्रतिमा उतरवली की तिथले मधल्या काळातले सारे पुसले जाते. म्हणून आधी कागद बाहेर काढावेत आणि पूर्ण डिस्क न निवडता विंडोजचेच भाग निवडावेत. पहिल्यांदा जाणत्याला शेजारी बसवावे.

एवढे जमत नसेल तर विंडोजच्याच सेटिंगमध्ये ‘रीसेट’ आहे. त्यात ‘माझ्या फाइल्स ठेवा’ हा पर्याय निवडला तर फाइली राहतात, प्रोग्राम मात्र पुन्हा टाकावे लागतात. हे काम चालू असताना वीज गेली तर होते तेही बिघडते. लाइन जाण्याच्या वेळी हात घालू नये.

चौथी गोष्ट जुन्या यंत्रांची. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर बसत नाही. म्हणून यंत्र भंगारात देऊ नये. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती किंवा सी-डॅकने तयार केलेले ‘बॉस’ मोफत आहे, त्यात मराठीही लिहिता येते. केरळच्या सरकारी शाळांतील मुले अशाच मुक्त प्रणालीवर शिकतात, मग आपली का नाही?

एमएस-सीआयटी झालेली मुले-मुली आज आपल्या वस्त्यांत आहेत. रविवारी वंदनेनंतर त्यांनी तासभर द्यावा. क्लोनझिलाचा एक पेनड्राइव्ह विहारात ठेवावा, कागदांच्या प्रती मात्र ज्याच्या त्याच्या घरी.

आमच्या घरी आता एसएसडी बसली आहे. कम्प्युटर तोच आहे, पण चहा उकळायच्या आत तयार होतो. दाखलखारीजची प्रत तीन ठिकाणी आहे. बाबासाहेबांनी आपल्याला कागदाची किंमत शिकवली. तो कागद दुसऱ्याच्या एका बटणावर सोडू नये, इतकेच सांगणे.

जयभीम! नमो बुद्धाय!