नीट हरणारा संगणक हवा!



मे महिन्याच्या सुट्टीत माझा तिसरीतला भाचा आमच्याकडे राहायला आला होता. येताना बुद्धिबळाचा पट घेऊन आला, पण चारच दिवसांत सगळ्या सोंगट्या पिशवीत गेल्या. "मामा, मला नाही खेळायचं. तो कधीच हरत नाही!" हा 'तो' म्हणजे त्याच्या बाबांनी फोनवर घालून दिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम. बाबांनी हौसेने सगळ्यांत ताकदवान शोधून काढला होता. झालं!

ताकदीचा प्रश्न तर केव्हाच मिटला आहे. मे १९९७ मध्ये आयबीएमच्या 'डीप ब्लू' संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन-अडीच असं हरवलं. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा! आज आईच्या फोनवर चालणारा फुकटचा 'स्टॉकफिश'सुद्धा कुठल्याही जगज्जेत्याला भारी आहे. तेव्हा 'सर्वांत बलाढ्य' या शब्दांना भुलू नका. नवशिक्याला हवा नीट हरणारा प्रोग्राम.

आता नीट हरणारा म्हणजे काय? संगणकाला कच्चं खेळायला सांगितलं, तरी तो माणसासारखा कच्चा खेळत नाही. स्टॉकफिशची पातळी खाली आणली, की तो मधूनच मुद्दाम वाईट चाल उचलतो. बऱ्याच चाली पंडितासारख्या आणि मग एकदम वजीर फुकट! आपण जिंकतो, पण का जिंकलो ते कळत नाही. तुमच्या वर्गातला मित्र चुकतो तो वेगळ्या तऱ्हेने. त्याला घोड्याचा दुहेरी हल्ला दिसत नाही, लांब कोपऱ्यात टपलेला उंट दिसत नाही. म्हणून २०२० मध्ये संशोधकांनी माणसांचे लाखो डाव शिकवून 'माया' नावाचा प्रोग्राम तयार केला. तो माणसांसारख्या चुका करतो. पण या पहिल्या मायाची सर्वांत खालची पायरीसुद्धा ११०० रेटिंगच्या खेळाडूची. आमच्या तिसरीतल्या वीराला तीही जडच!

मग मला माझे आजोबा आठवले. माझ्याशी खेळताना ते स्वतःचा वजीर पटाबाहेर ठेवायचे. (शिवाय त्यांच्या देशी नियमात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. तुमचे आजोबा तसंच खेळत असतील, तर भांडू नका हं! तोही खेळ खराच.) मी 'लीचेस' उघडलं. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि संगणकाशी खेळायला नाव नोंदवावं लागत नाही. तिथे पट हवा तसा मांडता येतो. संगणकाचा वजीर आणि दोन्ही हत्ती काढले, आठांपैकी पहिली पातळी लावली आणि भाच्याला म्हटलं, "चल, बस."

त्याने भराभर सगळं मारलं. संगणकाचा राजा एकटा उरला. आणि मग... बरोबरी! राजाला शह नव्हता, पण हलायला घरही नव्हतं. "हे काय मामा! मी जिंकलोच होतो की!" डोळ्यांत पाणी. मग आम्ही पटावर फक्त दोन राजे आणि त्याचा एक वजीर ठेवला आणि मात कशी करायची ते पुन्हा पुन्हा खेळून पाहिलं. तो वजीर घाईने जवळ नेई आणि राजाला कोंडून टाकी. सहाव्या वेळी त्याने आपल्या राजालाही पुढे आणलं आणि मात झाली. घरभर नाचला!

आईबाबांसाठी दोन गोष्टी. प्रोग्राम निवडताना सोंगट्या कमी करता येतात का आणि संपलेला डाव मागेपुढे करून बघता येतो का, ते आधी पाहा. चाल सुचवणारं बटण बंद करता आलं तर फारच छान. माझा भाचा पहिल्या दिवशी प्रत्येक चालीला तेच दाबत होता! आणि मूल नाव नोंदवून खेळणार असेल, तर लीचेसवर लहान मुलांसाठी 'किड मोड' आहे. त्यात अनोळखी लोकांच्या गप्पा बंद होतात.

परवा भाच्याचा फोन आला. त्याने संगणकाला एक हत्ती परत दिलाय म्हणे. तीन डाव हरला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय मामा, चौथा चालू आहे. ठेव फोन!"