न्यायालयाचे दार आणि नर्मदाकाठ

मानवी हक्कांचे न्यायालय गाऱ्हाणे ऐकण्यापूर्वी दोन गोष्टी पाहते : प्रकरण आपल्या अधिकारकक्षेत येते का, आणि ते दाखल करून घेण्याजोगे आहे का. युरोपीय न्यायालयात देशांतर्गत उपाय संपल्यावर, अंतिम निकालापासून ४ महिन्यांच्या आत जावे लागते.

सरदार सरोवराने विस्थापित केलेल्या आपल्या अक्कलकुव्यातील मणिबेलीकरांना अशी वाट नाही. आशिया खंडाला असे न्यायालय नाही. भारताने १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारला, वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा पूरक करार मात्र नाही. उरले सर्वोच्च न्यायालय. तेथेही १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने, १९८७ च्या मंजुरीला १९९४ मध्ये दिलेले आव्हान उशिराचे ठरवले; पुनर्वसनाचा प्रश्न तेवढा विचारात घेतला.

मुदत पाळण्यासाठी ती आधी ठाऊक हवी. डोंगरपाड्यांवर ती पोहोचवणे हे आपल्या शिकलेल्या तरुणांचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.